एमआरआयमधला आकडा आणि पहाटेची साखर: मधुमेहातल्या बौद्धिक घसरणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मधुमेह असलेल्या ज्येष्ठांच्या मेंदूत वर्षागणिक काय बदलतं, हे पाहणाऱ्या एका दीर्घकालीन अभ्यासातलं हे प्रकरण आहे. टाइप २ मधुमेह असलेले आणि नसलेले, साठी ओलांडलेले स्त्री-पुरुष त्यात सहभागी होते. सुरुवातीला प्रत्येकाचा मेंदूचा एमआरआय, रक्ततपासण्या आणि बौद्धिक चाचण्या झाल्या. चार वर्षांनी हे सगळं पुन्हा करायचं ठरलं होतं. इथे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय आणि काही तपशील बदलले आहेत.

असे अभ्यास करावे लागतात, कारण संबंध दिसतो पण कारण सहज सापडत नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासाने १९९९ मध्ये दाखवलं की मधुमेह असलेल्यांमध्ये डिमेन्शियाचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. पण एखाद्या माणसाची बुद्धी मंदावते तेव्हा तिच्यामागे अनेक वाटा असू शकतात. लहान रक्तवाहिन्या खराब होणं, उच्च रक्तदाब, आधीच सुरू असलेला अल्झायमर आणि उपचारांमुळे वारंवार खाली जाणारी साखर, यांतलं काहीही असू शकतं, किंवा सगळं मिळूनही. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो घेतो, आणि तोही मुख्यतः ग्लुकोजच्या रूपात. म्हणूनच साखर उतरली की पहिली झळ मेंदूला लागते.

या बाई ६८ वर्षांच्या. आयुष्य हिशेबतपासणीत गेलेलं, आकड्यांवर हुकमत. मधुमेह १७ वर्षांपासून, रक्तदाबही होता. गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिन आणि शरीरातलं इन्सुलिन वाढवून साखर उतरवणारं ग्लिमेपिराइड, शिवाय रात्री दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन. त्यांचा एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.४ टक्के होता. बरीच वर्षं तो असाच होता. पहिल्या फेरीत मोका या बौद्धिक चाचणीत त्यांना ३० पैकी २८ गुण मिळाले होते.

समस्या

चार वर्षांनंतरच्या फेरीत हेच गुण २२ वर आले. या चाचणीत २६ आणि त्यापुढचे गुण सर्वसाधारण मानले जातात. त्यामुळे सहा गुणांची घसरण दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती. सोबत आलेल्या मुलीने न विचारता सांगितलं की घरचे हिशेब आता तीच बघते. आई आकडे लिहिते, मग मध्येच थांबते, कुठपर्यंत आलो तेच हरवतं. बोलताना शब्द सापडतात पण उशिरा.

चार-पाच दिवसांनी संगणकीय मोजणीचा अहवाल आला. डाव्या हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे नव्या आठवणी साठवण्यात मोठा वाटा असलेल्या भागाचं आकारमान चार वर्षांत ११ टक्क्यांनी घटल्याचं त्यात होतं. उतारवयात हा भाग वर्षाला साधारण एक-दीड टक्क्याने आकसतो, अल्झायमरमध्ये ३ ते ५ टक्क्यांनी. हा आकडा दोन्हींच्या मध्ये पडत होता, आणि घसरलेल्या गुणांशी जुळत होता. त्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की अल्झायमर हा शब्द आपोआप तोंडात येतो.

मुलीनेही फोनवर तेच विचारलं: "आईला अल्झायमर झालाय का? जे असेल ते सरळ सांगा."

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा होता. अभ्यासात माहिती गोळा होते, उपचार होत नाहीत. पण संमतीपत्रात लिहिलं होतं की आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचं काही आढळलं तर ते सहभागीला आणि त्यांच्या डॉक्टरांना कळवलं जाईल. हा पर्याय तिथेच बाद झाला.

दुसरा पर्याय होता, आहे तो अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवण्याचा. प्रामाणिक वाटतो, पण त्यात एक अडचण होती. एका माणसाच्या आकारमानाचा आकडा आणि शेकडो लोकांच्या सरासरीचा आकडा यांची विश्वासार्हता सारखी नसते. अहवालातलं '११ टक्के' डॉक्टर आणि कुटुंब निदान म्हणूनच वाचणार होते.

तिसरा पर्याय एफडीजी-पेट स्कॅनचा. मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो ते त्यात दिसतं, आणि अल्झायमरमध्ये डोक्याच्या मागच्या व बाजूच्या भागांत ते कमी झालेलं दिसतं. गटातल्या एका सहकाऱ्याचा आग्रह यासाठीच होता. दुसऱ्या सहकाऱ्याने सुचवलं की अभ्यासात फंक्शनल एमआरआय झालेलाच आहे, तोच पाहू. हा मुद्दा फार वेळ टिकला नाही. तो स्कॅन चेतापेशींचं काम थेट मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलातून त्याचा अंदाज घेतो. मधुमेहात रक्तवाहिन्यांचा प्रतिसादच बदललेला असतो, त्यामुळे फरक पेशींचा की वाहिन्यांचा, हे एका माणसाच्या चित्रावरून सांगता येत नाही.

चौथा पर्याय सगळ्यांत संथ होता. मूळ चित्रांकडे परत जायचं, चाचणीच्या दिवसाच्या नोंदी तपासायच्या, मगच काही बोलायचं. आम्ही हा घेतला. मुलीला तेव्हा एवढंच सांगितलं की बदल दिसतोय हे खरं, तो कशामुळे आहे ते अजून ठरलेलं नाही, आणि तपासणी पूर्ण होताच सगळं एकत्र बसून सांगू. तिला ते पुरेसं वाटलं नाही, आणि वाटायलाही नको होतं.

पहिला निर्णय: आकड्यावर विश्वास ठेवायचा का?

दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात स्कॅनर बदलला होता. पहिला एमआरआय १.५ टेस्लाच्या मशीनवर झालेला, दुसरा ३ टेस्लाच्या. चुंबकाची ताकद बदलली की करड्या आणि पांढऱ्या भागांतला उठाव बदलतो, आणि त्या उठावावरच सॉफ्टवेअर हिप्पोकॅम्पसची कड आखतं. कड थोडी आत सरकली की आकारमान घटल्यासारखं दिसतं, मेंदूत काहीही झालेलं नसलं तरी.

हे तपासायला अभ्यासातच सोय होती. मधुमेह नसलेले, चाचण्यांमध्ये पहिल्यासारखेच गुण मिळवणारे सहभागीही याच दोन मशीनवर गेले होते. त्यांचेही आकडे पाहिले तर सगळ्यांचाच हिप्पोकॅम्पस वयाच्या मानाने जास्त घटलेला दिसत होता. तो सामायिक फरक वजा केल्यावर बाईंची घट चार वर्षांत सुमारे ५ टक्के उरली. या वयात ती अपेक्षित मर्यादेत बसते.

मग दोन्ही वेळच्या चित्रांवरची नावं आणि तारखा झाकून ती एका अनुभवी रेडिओलॉजिस्टला दाखवली. हिप्पोकॅम्पसच्या परिसराची झीज ० ते ४ अशा श्रेणीत मोजतात. दोन्ही वेळी त्यांनी १ दिली. मात्र दुसरीकडे खरा बदल होता. पांढऱ्या भागातले डाग, जे फाझेकास श्रेणीत ० ते ३ असे मोजले जातात, ते १ वरून २ वर गेले होते. दोन नवे लॅक्यून होते, म्हणजे लहान धमनी बंद पडून राहिलेल्या ३ ते १५ मिलिमीटरच्या पोकळ्या. त्यांतला एक डाव्या कॉडेटमध्ये, म्हणजे मेंदूच्या आत खोलवर असलेल्या एका केंद्रात, आणि एक उजव्या पुढच्या भागात होता. खोलवर एक सूक्ष्म रक्तस्रावाची जुनी खूणही होती.

बौद्धिक चाचण्यांचा तपशील याच्याशी जुळला. गोष्ट ऐकून थोड्या वेळाने सांगताना बाई अडखळायच्या, पण इशारा दिला की बरंचसं आठवायचं. आठवण साठवली जात होती, बाहेर काढायला वेळ लागत होता. सर्वांत मोठी घसरण होती वेगाची आणि एकातून दुसऱ्या कामाकडे वळण्याची. हे चित्र लहान रक्तवाहिन्यांच्या आजाराकडे जास्त झुकतं. अल्झायमर नाही असं यावरून सिद्ध होत नाही, दोन्ही एकत्र असणं तर फारच नेहमीचं. पण पहिल्या अहवालाने उभं केलेलं चित्र आता पुष्कळ बदललं होतं.

दुसरा निर्णय: पेट स्कॅन आत्ता की नंतर?

मधुमेही माणसाच्या एफडीजी-पेटमध्ये एक सापळा असतो. इंजेक्शनने दिलेलं किरणोत्सर्गी ग्लुकोज आणि रक्तातलं ग्लुकोज यांच्यात मेंदूत शिरण्यासाठी स्पर्धा होते. साखर वाढलेली असली की मेंदूच्या आवरणातलं ग्रहण कमी दिसतं, आणि ते नेमकं मागच्या भागांत जास्त कमी दिसून अल्झायमरसारखा आकृतिबंध तयार होऊ शकतो. साखर खाली आणायला ऐनवेळी इन्सुलिन दिलं तर ते ग्लुकोज स्नायूंकडे वळतं. म्हणून स्कॅनच्या वेळी साखर २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याची सर्वसाधारण सूचना असते, आणि मेंदूसाठी त्याहून कमी असलेली बरी.

बाईंची साखर दिवसभरात कशी वरखाली होते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ते कळल्याशिवाय काढलेलं चित्र वाचायचं कसं, यावर गटात मतभेद झाले. शेवटी पेट पुढे ढकलला. माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय ठरला, कारण त्यामुळे सगळ्यांचं लक्ष साखरेच्या नोंदींकडे वळलं.

तिसरा निर्णय: चाचणीच्या दिवशी नक्की काय झालं होतं?

त्या दिवसाचा क्रम असा होता: उपाशीपोटी रक्त द्यायचं, लगेच बौद्धिक चाचण्या, मग खाणं, मग एमआरआय. बाईंनी आदल्या रात्री नेहमीचं इन्सुलिन घेतलं होतं, आणि सकाळी सवयीने ग्लिमेपिराइडची गोळीही. प्रयोगशाळेच्या कागदावर त्या सकाळची साखर होती ५८. साखर ७० च्या खाली गेली की ती कमी मानली जाते, ५४ च्या खाली गेली की गंभीरपणे कमी. म्हणजे ज्या चाचणीत २२ गुण मिळाले, ती उतरलेल्या साखरेवर दिलेली होती. तो आकडा दुसऱ्या दिवशी आला, आणि एमआरआयच्या फाइलपासून वेगळ्या फाइलमध्ये गेला.

मुलीला पुन्हा बोलावून विचारलं तेव्हा तिने सांगितलं की पहाटे आईची उशी घामाने ओली असते, आणि उठल्यावर पहिला तासभर ती हरवल्यासारखी वागते. बाईंना स्वतःला यातलं काही विशेष जाणवत नव्हतं. साखर पुन्हा पुन्हा उतरत राहिली की थरथर, धडधड या धोक्याच्या खुणा बोथट होतात, त्यामुळे हे अपेक्षितच होतं.

दंडावर साखरेचा सेन्सर लावला आणि दोन आठवडे नोंदी घेतल्या. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान अनेक रात्री आकडा ७० च्या खाली, काही रात्री ५४ च्याही खाली जात होता. इथे एक खबरदारी घ्यावी लागली. सेन्सरच्या बाजूवर कुशी घेऊन झोपलं की दाबामुळे तो खोटा कमी आकडा दाखवतो. म्हणून दोन रात्री मुलीने पहाटे उठून बोटातून रक्त घेऊन साखर मोजली. ५१ आणि ५६ आली. दुपारी जेवणानंतर मात्र साखर २२० पर्यंत चढत होती. खड्डे आणि चढ मिळून सरासरी सुरेख येत होती, म्हणून एचबीए१सी ६.४ दिसत होता.

जुन्याच डोसवर आता साखर का उतरू लागली, याचं उत्तर रक्ततपासणीतच होतं. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, ईजीएफआर, चार वर्षांत ७६ वरून ४९ वर आली होती. मूत्रपिंड मंदावलं की इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा परिणाम जास्त वेळ रेंगाळतो. एमआरआयमध्ये आम्ही कॉन्ट्रास्ट, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी पाहून शिरेतून द्यायचं द्रव्य, वापरत नव्हतो, त्यामुळे हा आकडा कोणी अडवून पाहिला नव्हता. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आढळते तशी बी१२ जीवनसत्त्वाची पातळीही काठावर होती.

एमआरआयवर यातलं काहीच दिसत नव्हतं. साखर अतिशय खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडला तर एमआरआयच्या डिफ्युजन चित्रांत, म्हणजे पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या चित्रांत, बदल दिसू शकतात. रोज पहाटे पन्नाशीत जाऊन परत वर येणारी साखर बहुधा कोणतीही खूण ठेवत नाही. ज्या कारणावर लगेच इलाज करता येत होता, त्याबद्दल चित्र गप्प होतं.

केलेली कृती

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आम्ही एकत्रित टिपण पाठवलं आणि मग बोललो. त्यांचा पहिला प्रतिसाद सावध होता. इतकी वर्षं नीट ठेवलेली साखर मुद्दाम वाढू द्यायची का, आणि तीही मेंदूच्या काळजीपोटी?

प्रश्न रास्त होता, आणि त्याला अकॉर्ड-माइंड अभ्यासाचा, म्हणजे मधुमेहींवरच्या अकॉर्ड या मोठ्या चाचणीतल्या मेंदू पाहणाऱ्या भागाचा, आधार घेऊन उत्तर देता आलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका गटाचा एचबीए१सी ६ च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला, दुसऱ्याचा ७ ते ७.९ च्या दरम्यान ठेवला. ४० महिन्यांनी कडक गटातल्या लोकांचं मेंदूचं एकूण आकारमान थोडं जास्त राखलं गेलं होतं, पण बौद्धिक चाचण्यांत फरक नव्हता. मूळ अकॉर्ड चाचणीतला कडक साखर-नियंत्रणाचा भाग तर २००८ मध्येच थांबवावा लागला होता, कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले. आकारमान राखलं म्हणजे बुद्धी राखली, असं गृहीत धरता येत नाही.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं, साखर सहसा खाली न पाडणारी गोळी दिली, रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. एचबीए१सीचं लक्ष्य ७ ते ८ च्या दरम्यान ठरलं. बी१२ सुरू झालं.

रक्तदाबाबाबत मतभेद राहिले. वरचा आकडा १२० च्या खाली न्यावा असं एक मत होतं, कारण २०१९ मध्ये आलेल्या स्प्रिंट-माइंड या रक्तदाबावरच्या चाचणीत तसं केल्याने सौम्य बौद्धिक घट कमी झाली आणि पांढरे डाग हळू वाढले. पण त्या चाचणीत मधुमेहींना घेतलेलं नव्हतं. अकॉर्ड-माइंडच्या रक्तदाब गटात तर कडक नियंत्रणाने बौद्धिक फायदा दिसला नाही आणि मेंदूचं आकारमान उलट थोडं जास्त घटलं. शेवटी १३० च्या आसपास ठेवायचं ठरलं. लॅक्यूनसाठी अ‍ॅस्पिरिन द्यायची का, हे न्यूरॉलॉजिस्टवर सोपवलं. पक्षाघाताची लक्षणं कधीच नव्हती आणि रक्तस्रावाची एक जुनी खूण होती, त्यामुळे त्यांनी ती दिली नाही.

बाईंशी बोलणं सगळ्यांत अवघड गेलं. "इतकी वर्षं ६.४ ठेवला, आता साडेसात चालेल म्हणता?" हा आकडा त्यांनी शिस्तीने कमावलेला होता आणि आम्ही तो सोडायला सांगत होतो. सेन्सरचा आलेख त्यांच्यासमोर ठेवला, पहाटेचे खड्डे दाखवले, आणि सांगितलं, "बाई, सरासरी बरोबर आहे, पण खात्याच्या आतल्या नोंदी जुळत नाहीत." हिशेबाची भाषा त्यांना लगेच पटली. त्यांनी स्वतः आलेखावर खुणा करायला घेतल्या.

परिणाम

दोन आठवड्यांनी, जेवणानंतर आणि साखर ११८ असल्याची खात्री करून, मोकाची पर्यायी प्रश्नावली दिली. गुण २४ आले. म्हणजे घसरणीतला काही भाग त्या सकाळचा होता, सगळा नव्हता. सहा महिन्यांनी पहाटेचे खड्डे जवळजवळ गेले होते, एचबीए१सी ७.४ होता आणि गुण २५. चिन्ह-अंक जोडण्याच्या चाचणीतला वेग मात्र पहिल्या फेरीच्या बराच मागे राहिला. घरचे मोठे हिशेब मुलीकडेच आहेत, बाई ते तपासून देतात.

वर्षभराने त्याच ३ टेस्लाच्या मशीनवर, त्याच सेटिंगवर पुन्हा एमआरआय झाला. हिप्पोकॅम्पसमधला फरक मोजणीच्या चुकीच्या मर्यादेत होता, पांढरे डाग तेवढेच, नवा लॅक्यून नाही. पेट स्कॅन केला नाही. न्यूरॉलॉजिस्टच्या मते त्याने उपचारांत काही बदल होणार नव्हता. आठवणींची चाचणी पुढे खालावली तर तो प्रश्न पुन्हा उघडेल.

सुधारणेचं श्रेय कशाला द्यायचं, हे या प्रकरणावरून ठरवता येत नाही. साखरेचे खड्डे थांबले, बी१२ भरून आलं, दुसऱ्यांदा चाचणी देताना थोडा सराव झालेला असतो, आणि मुलीचं लक्ष वाढलं. हे सगळं एकाच काळात झालं.

काय वेगळं करता येईल

बौद्धिक चाचणीच्या आधी बोटातून साखर मोजायची, आणि ती ठरलेल्या मर्यादेत नसेल तर चाचणी पुढे ढकलायची, हा नियम आता अभ्यासात आहे. उपाशीपोटी रक्त घेतल्यावर आधी खाणं, मग चाचण्या. सकाळच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, हे बोलावण्याच्या पत्रात औषधागणिक लिहिलेलं असतं. सेन्सरही याच भेटीत लावतो, पण एमआरआय झाल्यानंतर, कारण काही सेन्सर घालून चुंबकाच्या खोलीत जाण्याची परवानगी नसते.

स्कॅनर बदलणार हे आधी ठाऊक असतं. मोजक्या लोकांना थोड्या दिवसांच्या अंतराने दोन्ही मशीनवर घेतलं असतं तर दुरुस्तीचा आकडा आधीच हाताशी असता. ११ टक्क्यांचा अहवाल तसाच कोणाच्या हाती पडण्याची वेळ आली नसती. संगणकीय आकारमान आता झाकून केलेल्या वाचनाशिवाय सहभागीच्या फाइलमध्ये जात नाही.

मुलीला मिळालेल्या पहिल्या उत्तराबद्दल गटात अजून एकमत नाही. काहींच्या मते तपासणी पूर्ण होईपर्यंत थांबणंच बरोबर होतं. मला वाटतं, पहिल्याच फोनवर तिला रात्री आणि पहाटे काय दिसतं ते विचारायला हवं होतं. तिच्याकडची माहिती सेन्सरच्या कितीतरी आधी मिळाली असती. आता घरच्या माणसाची वेगळी, सविस्तर मुलाखत पहिल्या फेरीपासूनच घेतली जाते, आणि तिच्यातली झोप, घाम, पहाटेचं वागणं यांबद्दलची उत्तरं एमआरआय वाचणाऱ्यालाही नंतर दाखवली जातात.